छातीआडचा किरणोत्सार मोजायचा कसा?

रात्री गोधडीत टॉर्च लावून वाचणारा रूममेट सगळ्यांनी पाहिलाय. बाहेर झिरपणाऱ्या उजेडावरून टॉर्च किती प्रखर ते सांगा म्हटलं, तर आधी गोधडीची जाडी विचारावी लागेल. फुप्फुसातला किरणोत्सार मोजताना हाच प्रश्न येतो. इथे गोधडी म्हणजे छातीची भिंत : स्नायू, चरबी आणि बरगड्या.

समजा, एखाद्या कामगाराच्या श्वासावाटे प्लुटोनियम-२३९ ची धूळ आत गेली. त्याचे अल्फा कण पेशींना इजा करतात. पण शरीरात ते मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकंही अंतर कापत नाहीत. बाहेर ते येणार कुठून? मग भिस्त उरते १३ ते २० केईव्ही ऊर्जेच्या दुबळ्या क्ष-किरणांवर. तेही शंभर अणूंचा क्षय झाला तर जेमतेम चार-पाच!

आता हिशेब बघा. १७ केईव्हीचे किरण स्नायूच्या दर ६ मिमी जाडीला साधारण निम्मे होतात. म्हणजे २ सेंमी स्नायूतून एक-दशांश बाहेर पडतात, ३ सेंमीतून बत्तिसावा भाग. दोघांचं रीडिंग सारखंच आलं, तरी जाड छातीवाल्याच्या फुप्फुसात तिप्पट प्लुटोनियम असू शकतं. बरं, नुसती जाडी कळूनही भागत नाही. चरबीत ऑक्सिजन कमी आणि कार्बन जास्त, त्यामुळे ती किरण कमी शोषते. तिथे निम्मे व्हायला सुमारे ९ मिमी लागतात. बरगड्यांमधलं कॅल्शियम मात्र ते पुष्कळच अडवतं.

यावर उपाय काय? छातीची जाडी सोनोग्राफीने मोजतात. डिटेक्टरचं कॅलिब्रेशन कृत्रिम धडावर करतात. त्याच्या फुप्फुसात किती किरणोत्सार आहे हे आधीच ठाऊक असतं, आणि छातीवर वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या चढवता येतात. बाहेरचे किरण मधे येऊ नयेत म्हणून मोजणी जाड पोलादी खोलीत होते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशी खोली आहे.

कधी प्लुटोनियमचा सोबतीही मदतीला येतो. प्लुटोनियम-२४१ पासून अमेरिसियम-२४१ तयार होतं. त्याचे ५९.५ केईव्हीचे गॅमा किरण ३ सेंमी स्नायूतूनही जवळपास निम्मे बाहेर पडतात. मात्र मूळ धुळीत दोघांचं प्रमाण किती, हे माहीत हवं.

एवढं करूनही रिपोर्टवर ‘आढळले नाही’ असं आलं, तर त्याचा अर्थ ‘नाहीच’ असा होत नाही; या छातीतून दिसण्याइतकं नाही, एवढाच होतो. म्हणूनच जोडीला लघवी आणि शौचाची तपासणी करतात.