उंबरठ्याच्या आतली हवा

दिवाळी जवळ आली की मध्यमवर्गीय घरांतून साफसफाईचे पर्व सुरू होते. भिंतींना तैलरंगाचा हात दिला जातो, एखादे नवे कपाट येते, संडास-मोऱ्या घासून निघतात आणि ठेवणीतले कपडे ट्रंकेतून बाहेर काढले जातात. या साऱ्यांचा मिळून एक उग्र वास चार-सहा दिवस घरात रेंगाळतो. त्या वासाचे नाते नवेपणाशी व स्वच्छतेशी जोडण्याची सवय समाजाला जडली आहे. वास्तविक वास येतो याचा अर्थ एवढाच, की त्या पदार्थाची बाष्पे हवेत मिसळली असून ती श्वासावाटे शरीरात जात आहेत. वास नाहीसा झाला म्हणजे बाष्पेही गेली, असेही नव्हे. नाकाला त्यांची सवय होते, इतकेच.

तैलरंगातील द्रावके रंग वाळताना उडून जातात व काही दिवसांत त्यांचे प्रमाण पुष्कळ ओसरते. प्लायवूड आणि भुशाच्या दाबीव फळ्या यांची गोष्ट निराळी आहे. त्यांतील डिंकासारख्या राळेतून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे झिरपत राहतो. उष्ण व दमट हवेत तो अधिक सुटतो. कोकण किनाऱ्यावरील शहरांना ही सूचना पुरेशी आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली या वायूची गणना मानवी कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत केली. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली घरातील हवेसाठी मार्गदर्शक मर्यादा घालून दिल्या. त्यांत फॉर्माल्डिहाइडची मर्यादा, अर्ध्या तासाच्या सरासरीने, घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम अशी आहे. त्याच यादीत नॅफ्थलिनचाही समावेश आहे. घरोघरी डांबराच्या गोळ्या म्हणून वापरात असलेला पदार्थ बहुधा हाच.

या गोळ्या दिवसेंदिवस झिजतात आणि अखेर दिसेनाशा होतात, ते त्यांचे सरळ बाष्पात रूपांतर होते म्हणून. घरात बाळ जन्मास येणार असले की जपून ठेवलेली मऊ दुपटी, कुंच्या, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या ट्रंकेतून निघतात आणि त्याच वासासह तान्ह्या बाळाच्या अंगाला लागतात. काही मुलांच्या रक्तपेशींत जन्मतःच एका संरक्षक द्रव्याची उणीव असते. वैद्यक तिला जी-सिक्स-पीडीची कमतरता म्हणते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनमुळे फुटतात, कावीळ होते आणि ती फार वाढली तर मेंदूलाही इजा पोहोचू शकते. आजीच्या मायेने जपलेले दुपटेच नातवाला बाधावे, याहून करुण विसंगती कोणती? बाळाचे कपडे या गोळ्यांपासून दूर ठेवावेत, एवढा साधा उपदेश प्रसूतिगृहांतून मिळाला तरी हे संकट टळेल.

दुसरा धोका न्हाणीघरात आहे. फरशीवरचे डाग निघत नाहीत म्हणून आधी ॲसिड ओतायचे आणि मग वर ब्लीचिंग पावडर टाकायची, असा प्रकार सर्रास घडतो. या दोहोंच्या संयोगाने क्लोरीन वायू सुटतो. 1915 च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडण्यात आला, तो हाच वायू. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि उकिडवे बसून फरशी घासणाऱ्या बाईचा श्वास नेमका तेथेच चालतो. पुष्कळदा ही बाई घरची नसते, चार घरची कामे करून संसार चालविणारी असते. मालकिणीच्या घरी हा प्रसंग क्वचित येत असेल. तिच्या वाट्याला तो रोज आणि अनेक घरी येतो.

ग्रामीण भागातील चुलीचा धूर याहून कितीतरी अधिक बळी घेतो, असा आक्षेप येथे कोणी घेईल आणि तो रास्तही ठरेल. तथापि त्या धुराची निदान दखल घेतली गेली. 2016 साली उज्ज्वला योजना आली ती त्यातूनच. बाष्पांचा प्रश्न मात्र उंबरठ्यावरच अडला आहे. 1981 चा वायुप्रदूषण कायदा झाला, 2009 साली हवेतील बारा प्रदूषकांची मानके जाहीर झाली. पण ती बाहेरच्या हवेसाठी. 1948 च्या कारखाना कायद्याने कामगाराला खेळती हवा मिळावी व अपायकारक वाफा बाहेर काढल्या जाव्यात, असे बंधन घातले होते. मोलकरणीचा कारखाना म्हणजे दुसऱ्याचे न्हाणीघर. तेथे हे संरक्षण कधीच पोहोचले नाही.

प्रत्येक घरात निरीक्षक पाठवावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु बाटलीवरील सूचना वापरणाऱ्या बाईला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत व मराठीत असावी, कोणत्या दोन वस्तू एकत्र करू नयेत हे चित्राने दाखवावे, आणि फळ्यांतून किती वायू सुटतो हे उत्पादकाने छापावे, एवढी सक्ती करणे अवघड नाही. शाळेत क्लोरीनचे गुणधर्म घोकून घेणाऱ्या शिक्षकाने तोच धडा न्हाणीघरापर्यंत नेला, तर पाठ्यपुस्तकाचेही सार्थक होईल. उरलेले काम घरच्यांचे आहे. नव्या रंगाच्या खोलीत तान्ह्या मुलाला निजवू नये, गज-जाळीच्या निमित्ताने झरोके बुजवू नयेत, आणि कामवाली मोरी घासत असताना आवाज वा शिंतोडे येतात म्हणून बाहेरून दार लावून घेऊ नये. ते दार उघडे ठेवायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.