लेझरने ब्लॉकेज काढायचं, म्हणजे धोका नाही?

मागच्या आठवड्यात गावी होतो, खंडाळ्याला. लोणावळ्याजवळचं नव्हे हं, आपलं सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या अलीकडचं. काकांच्या स्टेंटमध्ये पुन्हा ब्लॉकेज झालंय आणि पुण्याच्या डॉक्टरांनी लेझरचं नाव काढलंय. काका खूश. "चिरफाड नाही, मग भीती कसली?" मी कोड लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही. पण कुठलीही नवीन गोष्ट दिसली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: फेल झालं तर काय होतं? तेच वाचत बसलो.

आधी काम कसं चालतं ते बघू. नेहमीच्या अँजिओप्लास्टीसारखीच मनगटातून किंवा जांघेतून तार जाते. तिच्यावरून बारीक नळी सरकवतात आणि नळीच्या टोकातून ३०८ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश ठोक्याठोक्याने सोडतात. तो फक्त ५० मायक्रॉनच्या आसपास आत शिरतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. अडथळा भुगा होऊन मोकळा होतो. पण त्यानंतर बहुतेक वेळा फुगा किंवा स्टेंट लागतोच. आणि तारच पलीकडे गेली नाही, तर लेझरचा उपयोग नाही.

आता धोके. पहिला, रक्तवाहिनीचा आतला थर फाटणे. बऱ्याचदा स्टेंट टाकून तो सावरता येतो. दुसरा, आरपार भोक पडणे. हे क्वचित होतं, पण गंभीर. रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साठतं आणि हृदयच दाबलं जातं. मग ते सुईने काढावं लागतं, कधी तातडीचं ऑपरेशनही. तिसरा, सुटलेले कण पुढे जाऊन बारीक वाहिन्या तुंबतात, त्यातून हार्ट अटॅक येऊ शकतो. शिवाय वाहिनी आकसणे किंवा अचानक बंद होणे. तार घातली तिथला रक्तस्राव आणि डायमुळे किडनीवर येणारा ताण हे साध्या अँजिओप्लास्टीतलेच, ते इथेही आहेतच.

गंमत म्हणजे, प्रकाशापेक्षा बुडबुडे जास्त त्रास देतात. रक्त आणि डाय लेझर शोषतात, बुडबुडे फुटतात आणि भिंतीला धक्के बसतात. म्हणून लेझर चालू असताना सलाईन सोडून जागा धुतात आणि नळी सेकंदाला जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकवतात. वाहिनीला तीव्र वळण असेल किंवा नळी तिच्या मानाने जाड असेल, तर धोका वाढतो.

मग लेझर वाईट का? नाही. १९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या ३०८ रुग्णांच्या चाचणीत तो साध्या फुग्यापेक्षा सरस ठरला नाही. म्हणून आज तो सरसकट वापरत नाहीत. फुगा जातच नाही असा कडक अडथळा, किंवा काकांसारखा स्टेंटमधला ब्लॉकेज, अशा निवडक ठिकाणी वापरतात.

तेव्हा होकार देण्याआधी तीन प्रश्न विचारा. माझ्याच केसमध्ये लेझर का, दुसरा पर्याय काय? तुम्ही स्वतः अशा किती केसेस केल्या? भोक पडलं तर इथे लगेच ऑपरेशनची सोय आहे का? आणि घरी आल्यावर छातीत दुखलं, दम लागला, तर वाट बघू नका, १०८ ला फोन लावा.

काकांनी हे तिन्ही प्रश्न कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलेत. सोमवारी अपॉइंटमेंट आहे, मी सोबत जातोय. तुमच्या घरी कुणाला लेझर सुचवलं असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात!