नगरच्या कन्याशाळांचीं साधनें

दप्तर म्हटलें कीं आमच्या संग्राहकांचें लक्ष सनदा-महजरांकडे जातें. अहमदनगर (आतां अहिल्यानगर) येथील स्त्रियांच्या इतिहासाचें एक मोठें साधन मात्र अमेरिकन मराठी मिशनच्या कागदांत आहे. सिंथिया फरारबाई इ. स. १८२७ त मुंबईस आल्या. १८३९ पासून त्यांनीं नगरास मुलींच्या शाळा चालविल्या व १८६२ त त्या वारल्या. त्यांच्या शाळा पाहूनच जोतीराव फुले यांनीं १८४८ त पुण्यांत मुलींची शाळा काढली.

मिशनचीं पत्रें परदेशांतील वर्गणीदारांकरितां लिहिलेलीं. त्यांत धर्मांतराच्या आशेचा रंग असावयाचाच. मुलींचे आंकडे मिळतात, मुलींचा शब्द क्वचित्. म्हणून १८४२ त नगरासच निघालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक आम्ही अधिक मोलाचे मानतों. फुल्यांच्या शाळेंतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत आला. वेद ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असें ती देवासच विचारते. पत्र मिशनचें, प्रश्न मिशनचा नव्हे. निबंध दोन अंकांत विभागलेला असल्यानें, संग्रहांत एक अंक असल्यास दुसऱ्याचाहि शोध अवश्य करावा.