वड्यातलं जड काय?

रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या आमच्या घराला लागून एक छत्तीसगढी घर आहे. तिथल्या दीदी फरा करायला बसल्या की मी त्यांच्या ओट्याशी जाऊन उभी राहते. रात्रीचा उरलेला भात आणि तांदळाचं पीठ मिठाबरोबर मळायचं, बोटाएवढ्या वळ्या वळायच्या, चाळणीत ठेवून वाफवायच्या. मग कढईत दोन चमचे तेल, मोहरी, भरपूर तीळ, हिरवी मिरची, कढीपत्ता, आणि त्यात वळ्या परतायच्या. तीळ तडतडतात, वळ्यांच्या कडा खरपूस होतात, चौघांचा नाश्ता तयार.

आमच्याकडे कोथिंबीर वडी होते तेव्हा अर्धी वाट हीच असते. बेसन, कोथिंबीर, ओवा, उंडे, वाफ. उंडे गार झाले की मात्र वड्या कापून आम्ही त्या कढईभर तेलात सोडत आलो. फरक काय तो शेवटच्या दहा मिनिटांतला. महाराष्ट्र मंडळ रायपुरात १९३५ पासून आहे आणि या कॉलनीत मराठी घरं मुबलक, तेव्हा फऱ्याची आणि वडीची ताटं कुंपणावरून इकडून तिकडे जायला बराच काळ मिळाला आहे. तळणाचं वळण तेवढं आपण सोडलं नाही.

हल्ली घरोघरी आवडीचे पदार्थ हलके करायचं मनावर घेतलं जातं, याचा मला मनापासून आनंद आहे. वाईट याचं वाटतं की कात्री भलत्याच ठिकाणी चालते.

“बटाटा जड, म्हणून वडा जड.”

उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात ८५-९० कॅलरी असतात. १५ मिलीलिटरच्या एका मोठ्या चमच्यात मावणाऱ्या तेलात १२०च्या आसपास. बटाटा काढून ओट्स घातले आणि वडा पुन्हा तेलातच सोडला, तर चव गेली आणि वजनदार गोष्ट होती तिथेच राहिली. बटाट्याला हात लावू नका. हेच सारण, हेच पीठ अप्पेपात्रात घाला, प्रत्येक खळग्यात तेलाचे चार थेंब. कवच वड्यासारखं कुरकुरीत होत नाही हे खरं आहे, ते कबूल करूनच खायचं. आलं-लसणाचा ठेचा आणि लिंबू मात्र जरा सढळ हाताने घाला.

“मंद तेलात, छोटे छोटे तळले की तेल कमी लागतं.”

हे दोन्ही उलटं आहे, आणि इथे जरा थांबायला हवं. वडा कडक तापलेल्या तेलात पडला की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती जोरात बाहेर येते. आपण बुडबुडे पाहतो ते या वाफेचे. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. वडा झाऱ्यावर घेतला, निवू लागला, की आतली वाफ विरते आणि बाहेर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणजे बरंचसं तेल कढईबाहेर आल्यावर मुरतं. झारा कढईच्या कडेवर आपटून तेल निथळू देणं आणि वडे गरम असतानाच जाळीवर पसरून कागदाने टिपणं, ही आईची शिस्त किती शहाणपणाची होती ते यावरून कळतं. तेल १७५-१८० अंशांच्या आसपास हवं. पिठाचा थेंब टाकला की तो खाली जाऊन लगेच वर आला पाहिजे. तेल कोमट असेल तर कवच वेळेवर धरत नाही आणि पदार्थ तेलात लोळत राहतो.

आता आकार. एका मोठ्या गोळ्याचे आठ सारखे छोटे गोळे केले, तर पीठ तेवढंच राहतं, पण तेलाला भिडणारा पृष्ठभाग दुप्पट होतो.

“उपवासाचं ते हलकं.”

साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाच्या पिठापासून होतो, तमिळनाडूतलं सेलम त्यासाठी प्रसिद्ध आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी, जवळपास सगळा स्टार्च, प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. वर शेंगदाण्याचं कूट, बटाटा, तूप आणि पुन्हा तळण. यातलं कूट मात्र कमी करू नका, प्रथिनं असलीच तर त्यातच आहेत. साबुदाणा एक तृतीयांश कमी करून किसलेला लाल भोपळा घाला आणि थालीपीठ तव्यावर लावा. सोबत दही. आमच्याकडे वड्यांची आठवण निघते, पण थालीपीठ उरत नाही.

“गूळ घातलाय, साखर नाही.”

१०० ग्रॅम गुळात साधारण ३८० कॅलरी, साखरेत ४००च्या जवळ. मधुमेह्याने गुळाची पोळी निर्धास्त खावी इतका हा फरक नाही. गुळाला त्याची चव आहे, तेवढ्यासाठी तो वापरावा. पुरणात डाळीच्या बरोबरीने गूळ घालायची पद्धत आहे, तो पाऊणपट करून पाहा. जायफळ आणि वेलची ताजी कुटलेली असली की पाव वाटी कमी झाल्याचं कळत नाही.

साजूक तूप आणि ऑलिव्ह ऑइल यांच्याबद्दल थोडक्यात: दोन्ही ग्रॅममागे साधारण ९ कॅलरीच देतात, शेंगदाण्याच्या तेलासारखंच. चरबीचा प्रकार वेगळा, भार तोच.

“बेक केलं म्हणजे मोकळं रान.”

शंकरपाळ्यात किंवा चकलीत मोहन पिठातच असतं. ओव्हनमध्ये ते कुठे जात नाही, आणि खुसखुशीतपणा यावा म्हणून बेक करताना ते बऱ्याचदा वाढवलं जातं. मोहन वाटीने मोजा, तेव्हाच खरा हिशेब लागतो. उकडीच्या मोदकाचंही तसंच. वाफेने पारी हलकी झाली, आतलं खोबरं आणि गूळ आहे तेवढंच.

“शिळा भात निकस.”

छत्तीसगढात रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी बोरे बासी म्हणून खातात. २०२२ मध्ये १ मेला श्रमिकांच्या सन्मानासाठी राज्य सरकारनेच बासी खाण्याचं आवाहन केलं होतं. गार झालेल्या भातातला थोडा स्टार्च पचायला कठीण अशा रूपात जातो, बाकी भात तो भातच. रायपूरच्या मे महिन्यात हा वाडगा दही, चिरलेला कांदा, मीठ आणि हिरव्या मिरचीबरोबर समोर येतो. दीदींच्या घरी मी तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा आमचा दहीभात आठवला आणि घरी येऊन कढईखालचा गॅस बंद केला. त्या दिवशीच्या कोथिंबीर वड्या मी तव्यावर, दोन चमचे तेलात, तिळाच्या फोडणीत परतल्या.