काढायच्या यादीत काय आहे?

डेबियन लिनक्सची नवी आवृत्ती साधारण दर दोन वर्षांनी येते. तेव्हा लोक नवीन काय आलं ते बघतात. मी आधी काय जाणार ते बघतो. अपग्रेड करण्यापूर्वी पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या ॲप्टला नुसती तालीम करायला सांगता येते. काहीही न बदलता तो याद्या दाखवतो. त्यातली काढायच्या पॅकेजेसची यादी मी ओळ न ओळ वाचतो. तिच्यात ‘सिसव्हीइनिट-कोर’ दिसलं, की काम तिथंच थांबवतो.

संगणक सुरू झाला की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, एकच प्रोग्राम स्वतः चालू करतो. त्याचा क्रमांक १, त्याला म्हणतात इनिट. नेटवर्क, प्रिंटर, लॉगिनचा पडदा, सगळं पुढे त्याच्याकडून सुरू होतं. तो पडला तर कर्नलही थांबतो. मी वापरतो तो सिसव्हीइनिट १९८०च्या दशकातल्या युनिक्सच्या वळणाचा. प्रत्येक सेवेची एक शेल स्क्रिप्ट असते. काही अडलं तर ती उघडायची, मध्ये एक ओळ घालायची आणि कुठं अडलं ते बघायचं. आपल्या यंत्राचं असं आतपर्यंत वाचता येणं मला फार मोलाचं वाटतं.

२०१० साली सिस्टीमडी हे नवं इनिट आलं. सेवा एकाच वेळी सुरू करणं, पडलेली सेवा पुन्हा उठवणं, लांबलचक स्क्रिप्टऐवजी छोटीशी फाइल: पॅकेज बनवणाऱ्यांचं काम त्यानं खरोखर हलकं केलं. पण नोंदी ठेवणं, लॉगिन सांभाळणं, उपकरणं ओळखणं हेही त्यानंच घेतलं. फेब्रुवारी २०१४मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मतानं सिस्टीमडीची निवड झाली, आणि २०१५च्या आठव्या आवृत्तीपासून तेच मूळ इनिट झालं.

अपग्रेडमधला त्रास पॅकेजेस एकमेकांवर अवलंबून असतात त्यातून येतो. पेनड्राइव्ह उघडायला परवानगी द्यायची, तर समोर कोण बसलंय हे कुणीतरी सांगायला हवं. ते सांगणारा लॉगिनडी सिस्टीमडीचाच भाग. मग डेस्कटॉपच्या एका साध्या सोयीसाठी ॲप्ट एकातून दुसरं ओढत जातो आणि शेवटी इनिटच बदलायला निघतो. यावर उपाय म्हणून लॉगिनडी वेगळा काढून ‘ईलॉगिनडी’ तयार झालं. सिस्टीमडी बदललं की त्यालाही मागोमाग बदलावं लागतं. सिस्टीमडीला इनिट करणाऱ्या ‘सिस्टीमडी-सिसव्ही’ या पॅकेजला मी वजा १ प्राधान्य देऊन ठेवलंय, म्हणजे ॲप्ट ते आणतच नाही. मात्र अशा वेळी तो कधीकधी अख्खा डेस्कटॉप काढायचा प्रस्ताव मांडतो.

त्याहून वाईट ती गुपचूप होणारी मोडतोड. नोंदी लिहिणाऱ्या आरसिसलॉगच्या पॅकेजमधून बाराव्या आवृत्तीपर्यंत जुनी स्क्रिप्ट गेली. संगणक नेहमीसारखा चालतो, फक्त नोंदी थांबलेल्या असतात, आणि नोंदच नाही म्हटल्यावर बिघाड कळायचा कसा? अशा सोडून दिलेल्या स्क्रिप्ट स्वयंसेवकांनी ‘ऑर्फन-सिसव्हीइनिट-स्क्रिप्ट्स’ या पॅकेजात गोळा केल्या आहेत. त्यांचे उपकार मोठे आहेत.

डिसेंबर २०१९च्या मतदानात डेबियनच्या सभासदांनी सिस्टीमडी मुख्य ठेवून पर्याय शोधणाऱ्यांना पाठिंबा दिला. जी स्क्रिप्ट आपण चालवून पाहत नाही ती ठेवायची कशी, असं पॅकेज सांभाळणारे म्हणतात. तेही बहुतेक बिनपगारीच राबतात, त्यांची अडचण मला कळते. तरीही चालू स्क्रिप्ट काढण्याआधी ती घेणारं कुणी आहे का, एवढं विचारावं.

देवुआन का वापरत नाही, असं मला विचारतात. सिस्टीमडीविना डेबियन द्यायचं म्हणून ते निघालं, २०१७मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली, आणि ते चांगलं आहे. पण तिथंही बहुतेक पॅकेजेस डेबियनचीच. स्क्रिप्ट इथून गेली की तिथंही उणीव पडते. म्हणून काम मूळ ठिकाणीच व्हावं असं मला वाटतं. नवी आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी बदल गोठवले जातात, त्याच्याही आधी मी ती एका जुन्या लॅपटॉपवर चढवतो, आणि काही अडलं तर दुरुस्त स्क्रिप्ट जोडूनच बग नोंदवतो. उशिरा पोहोचलेली दुरुस्ती बहुधा पुढच्या आवृत्तीवर जाते, म्हणजे आणखी दोन वर्षं.