बेरीज जुळली म्हणून पॅकेट खरं?

माहूरहून एका वाचकाने विचारलंय: नवरात्रात गडावर नेटवर्क रडतखडत चालतं, तरी रेणुकामातेचा फोटो पोचला की धड पोचतो. तपासतं कोण?

तपासतो फोनचा कर्नल, म्हणजे त्याच्या प्रणालीचा गाभा. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा कर्नल असतो. फोटो येतो तो पॅकेट नावाच्या छोट्या गठ्ठ्यांतून. आयपी या इंटरनेटच्या नियमसंचाच्या चौथ्या आवृत्तीचं पॅकेट आलं की कर्नलचे प्रश्न रोकडे असतात: त्याचं शीर्षक किमान 20 बाइटचं आहे का? लांबी लिहिली आहे तेवढा माल आला का? उत्तर चुकलं की पॅकेट मुकाट्याने फेकलं जातं. पोच न मिळाल्याने पाठवणारा ते पुन्हा पाठवतो.

मग बेरीज. पॅकेटातले 16-16 बिटांचे तुकडे मिळवून येणारा आकडा सोबत पाठवलेल्या आकड्याशी ताडून पाहतात. पण किराण्याच्या बिलात साखर आणि तूरडाळीच्या ओळी वरखाली झाल्या तरी एकूण रक्कम तीच राहते ना? इथेही दोन तुकड्यांची अदलाबदल बेरजेला कळत नाही. आपल्या आधारला मात्र कळते! 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबारच्या टेंभलीत आधारवाटप सुरू झालं. त्या 12 आकड्यांतला शेवटचा आकडा डच गणिती याकोबस व्हेरहूफ यांच्या 1969 च्या पद्धतीने निघतो. शेजारचे कोणतेही दोन वेगळे आकडे उलटले की चूक सापडते. ज्यांचं गणित कोट्यवधींच्या खिशात आहे, त्यांचं नाव किती जणांनी ऐकलंय?

इंटरनेटने कच्ची बेरीज घेतली, कारण ती स्वस्त पडते. तरी ती फुकट जात नाही. नेटवर्कच्या खालच्या थराची कडक तपासणी पार करूनही 1,100 ते 32,000 पॅकेटांमागे एक या बेरजेत अडकतं, असं जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांना 2000 साली आढळलं.

खोडसाळ माणूस मात्र बेरीज बिनचूक करून पाठवतो. 1996 मधल्या ‘पिंग ऑफ डेथ’ या हल्ल्यात पॅकेट तुकड्या-तुकड्यांनी यायचं आणि प्रत्येक तुकडा नियमात बसणारा होता. जोडल्यावर मात्र पॅकेट 65,535 बाइटची मर्यादा ओलांडायचं. जोडण्याआधी एकूण लांबी बघायला कर्नल लिहिणारेच विसरले होते, आणि कितीतरी यंत्रं एका पॅकेटने कोसळली. ‘एआय’ सुरक्षेच्या जाहिराती खुशाल वाचा; इथे कमी पडली होती ती लांबी तपासणारी एक साधी अट.

अशी राहून गेलेली अट भरून येते ती अपडेटमधून. तेव्हा ज्या जुन्या फोनला सुरक्षेची अपडेट येणं थांबलंय, त्यावर बँकेचं ॲप ठेवू नका.