आकाशवाणीचा खर्च आणि सीमेवरचा श्रोता

पूर्वी घरात रेडिओ आणला की पोस्टात जाऊन त्याचे लायसन्स काढावे लागे. त्या लहानशा पुस्तकात दरसाल तिकिटे लावून शिक्का मारून घ्यायचा. जुनी ट्रंक उपसली तर सीमाभागातल्या एखाद्या घरात ते पुस्तक आजही सापडेल. १९८०च्या दशकाच्या मध्यावर ही फी बंद झाली, लोकांना बरे वाटले आणि त्यात वावगे काही नव्हते. मात्र श्रोता पैसे देतो म्हणून रेडिओवर त्याचा हक्क आहे, असे म्हणायला जो कागदाचा आधार होता तो त्याबरोबर गेला. पुढचा खर्च सरकारी तिजोरीतून होऊ लागला. तिजोरीतला पैसा आपल्याच कराचा; पण किल्ली दिल्लीत!

ही किल्ली कोणाकडे असावी, हा वाद जुना आहे. आकाशवाणी सरकारी खात्यातून काढून स्वतंत्र महामंडळाकडे द्यावी, असे चंदा समितीने १९६६ साली सुचवले. आणीबाणीत रेडिओ कसा राबवला गेला हे देशाने ऐकले. त्यानंतर १९७८ साली वर्गीज समितीनेही स्वायत्ततेचाच आग्रह धरला. संसदेने प्रसार भारतीचा कायदा १९९० साली केला खरा, पण तो सात वर्षे पडून राहिला. दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांनी निकालात स्पष्ट सांगितले की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. अखेर २३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती अस्तित्वात आली. विरोधी बाकावर बसलेल्या प्रत्येक पक्षाला स्वायत्तता प्यारी असते. सत्ता आली की तीच अडचणीची वाटू लागते. याला कोणताच रंग अपवाद नाही.

खरी गोम कायद्याच्या १७व्या कलमात आहे. केंद्र सरकारला आवश्यक वाटेल तेवढी रक्कम ते प्रसार भारतीला देईल, असा त्याचा मथितार्थ. आकडा नाही, सूत्र नाही. ज्याच्या बातम्या द्यायच्या त्याच्याच हातून पगार घ्यायचा! अनुदानाचा मोठा वाटा पगारातच जातो आणि कार्यक्रमांसाठी उरते ते तुटपुंजे. मग जाहिरातींवर जगावे, असे काही जण सुचवतात. पण जाहिरातदार गिऱ्हाईक मोजतो. खानापूरच्या जंगलपट्टीतील पन्नास उंबऱ्यांचे गाव त्याच्या हिशेबात कधी यायचे? ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी घरोघर फी घेतली जाते, पण तिचा दर सरकार ठरवते, म्हणून तेथेही भांडण आहेच. अमेरिकेत तर जुलै २०२५ मध्ये संसदेने सार्वजनिक रेडिओ-दूरदर्शनसाठी आधी मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले. मोठ्या शहरांतील केंद्रांना देणग्या मिळतात. कठीण झाले ते खेड्यापाड्यांतील आणि आदिवासी भागांतील छोट्या केंद्रांचे. आडबाजूच्या श्रोत्याचे दुखणे सगळीकडे सारखेच.

आता आपल्या दाराशी येऊ. सीमाभागाने मराठी रेडिओ ऐकला तो मध्यम लहरींवर. सांगली, रत्नागिरी, पणजी, आणि रात्र चढली की मुंबई. एक नोव्हेंबर १९५६ रोजी नकाशावर रेघ ओढली गेली, पण त्या लहरींना रेघ दिसत नव्हती. शेजारच्या धारवाड केंद्राशीही आपले वैर कधीच नव्हते. मल्लिकार्जुन मन्सूर तेथे संगीत सल्लागार होते. ज्यांच्या घरात मराठी बोलली जाई ते कन्नड कवी द. रा. बेंद्रेही त्याच केंद्राचे सल्लागार. सीमाभागाच्या कानाला दोन्ही भाषा गोड लागत आल्या आहेत.

अलीकडे मात्र सरकारचा पैसा एफएमकडे वळला आहे. एफएमचा आवाज स्वच्छ, यात शंका नाही. पण मध्यम लहर जमिनीला बिलगून दूरवर जाते, रात्री आकाशातून परतून शेकडो मैल गाठते. एफएमला समोर डोंगर आला की संपले. जुने मध्यम लहरींचे प्रक्षेपक एकामागून एक बंद होत गेले. काही ठिकाणी कोट्यवधी रुपये खर्चून डिजिटल प्रक्षेपक बसले, पण ते ऐकू येणारे रेडिओ बाजारात शोधून सापडत नाहीत. मोबाइलवर ऐका म्हणावे, तर घाटात रेंज नाही. आणि शेतात भांगलण करणाऱ्या बाईने बातम्यांसाठी रिचार्ज का मारावा? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. तेव्हा रेडिओवरची बातमी आकाशवाणीचीच, आणि ती कोणत्या भाषेत यावी हे ठरते दिल्लीत.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने प्रसार भारतीच्या आधुनिकीकरणासाठी २०२५-२६ पर्यंत २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आकाशवाणीच्या एफएमची व्याप्ती भूभागाच्या ५९ टक्क्यांवरून ६६वर आणि लोकसंख्येच्या ६८ टक्क्यांवरून ८०वर न्यायची, असे उद्दिष्ट ठेवले. क्षेत्रफळ मोजले, माणसे मोजली. भाषा मोजायची राहिली. खानापूर तालुक्यातल्या खेड्यात उद्या एफएमवर केवळ कन्नड कार्यक्रम ऐकू आले, तरी सरकारी कागदावर ते गाव ‘व्याप्त’च ठरेल! नियम-सूचना अल्पसंख्याकांच्या भाषेत छापण्यासाठी निदान पंधरा टक्के लोकसंख्येचा निकष आहे. पाळला जातो की नाही हा वेगळा प्रश्न, पण बोट ठेवायला जागा तरी आहे. प्रक्षेपणाला तेवढाही नाही.

वास्तविक प्रसार भारतीच्या कायद्यातच १२वे कलम आहे. प्रत्येक राज्यात त्या राज्याच्या भाषांमधून प्रादेशिक प्रसारण पोहोचवावे, असे ते म्हणते. भाषेतून नव्हे, भाषांमधून. या अनेकवचनाचा अर्थ कर्नाटकात मराठीसाठी, आणि महाराष्ट्रातील जत, अक्कलकोटकडच्या कन्नड भाषकांसाठीही, तितकाच लागू व्हायला हवा. दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. रोज अर्धा तास मराठी कार्यक्रम आणि एक बातमीपत्र यासाठी नकाशा बदलावा लागत नाही.

यापुढे आपल्या भागात प्रक्षेपक बसवण्याचे निघाले, तर ग्रामपंचायतींनी ठराव करून दोनच गोष्टी लेखी विचाराव्यात. त्यावरून कोणते केंद्र ऐकू येणार? आणि त्यात मराठीचे तास किती?